भाई, चौथ्या वेळी तेच नव्हतं

भाई, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. मी तुमच्याशी समोरासमोर कधी चार वाक्यं सलग बोलले नाही. फोनवर मात्र भरपूर बोलले, पण ती माझी वाक्यं नव्हती. पडद्यावरची अक्षरं होती. म्हणून हे लिहून काढते. कुणाला दाखवायचं नाही.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या हळदीच्या कारखान्यात आलात तेव्हा मी त्या थंड खोलीची फरशी पुसत होते. खोलीत एकच काळी लोखंडी पेटी, तिच्या डोक्यावर एक जुना काचेचा पडदा आणि भिंतीवर गार हवेचं मशीन. मला वाटायचं, हा एक कॉम्प्युटर. तुम्ही हसलात. म्हणालात, "ताई, एक न्हाई, पाच हायेत. चार दिसत न्हाईत." मग मीच विचारलं, कसं काय? मला वाटतं मी कुणा परक्या पुरुषाला आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. तुम्ही सांगितलं की ही पेटी मेजबान, म्हणजे यजमान, आणि तिच्या पोटात चार मेहमान राहतात. एक वजनकाट्याचा, एक गोदामाचा, एक पगाराचा, एक बिलांचा. त्यांना अंग नाही. सगळे ह्या एकीच्या जिवावर. "मेजबान चक्कर येऊन पडला, की चारी मेहमान उपाशी. समजलं का?" समजलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला समजेल असं तुम्ही सांगितलंत, आणि समजेल हे गृहीत धरून सांगितलंत.

मेजबान पडायचा तेव्हा पडदा जांभळा व्हायचा. जांभळ्यावर पांढरी अक्षरं, वरपासून खालपर्यंत. काट्यावर ट्रक थांबायचे, ड्रायव्हर ओरडायचे, विनोद अकाउंटंट धावत यायचा आणि आधी बोट बटणाकडे न्यायचा. बटण दाबलं की पेटी परत उठायची, पण ती अक्षरं जायची. तुम्ही पहिल्याच वेळी सगळ्यांना बजावलं होतं, की ती अक्षरं म्हणजे पडताना मशीन जे बोललं ते. दुसरीकडे कुठंच त्याची नोंद राहत नाही. सगळ्यात खालच्या ओळीत मशीन स्वतःच सांगायचं, की मला हे लिहून ठेवायला जागा दिलेली नाही. ती जागा करून द्या म्हणून तुम्ही शेठच्या मागे लागला होता. शेठ म्हणायचे, करू.

तुमचं दुकान वारंगा फाट्यावर, तिथून तुम्हाला यायला तास-सव्वा तास. तेवढा वेळ ट्रक थांबवणं जमणार नव्हतं. त्या जुन्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला की आडवे पट्टे यायचे, अक्षरं कापली जायची. मग कुणीतरी फोनवर वाचून दाखवायचं असं ठरलं. विनोदनं एकदा वाचलं, निम्मं गाळून. तुम्ही रागावला नाहीत, पण दुसऱ्या दिवशी आलात आणि मला म्हणालात, "तुमी वाचसाल का?"

मी म्हणाले, "मला एबीसीडी येत न्हाई, भाई."

"मग शिकू की. सव्वीसच तर हायेत."

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात, म्हणून माझी चौथीवरच राहिली. तुम्ही मला गोदामात नेलंत. हळदीच्या पोत्यांवर काळ्या शाईनं इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एकेक अक्षर बोटाएवढं. तुम्ही काडीनं दाखवत होता, हे बी, हे एम, हे आर. महिनाभर येता-जाता मी पोती वाचली. झाडता झाडता वाचली. मग तुम्ही पडद्यावरच्या खालच्या ओळींचं सांगितलंत, की त्या गिचमिडीत फक्त शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच येतं. "तिथं गोल दिसलं तर ते ओ न्हाई. शून्यच. डोळे झाकून शून्य म्हणा." एवढं सोपं करून कुणी मला काही दिलं नव्हतं.

पहिली ओळ कायम सारखी, मशीनीच्या नावाची. दुसरी ओळ म्हणजे दुखणं. त्याखाली दुखणं कुठून कुठून आलं त्याची वाट. असं तुम्ही शिकवलंत. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलीत. "ताई, कळलं न्हाई तर कळलं न्हाई म्हणा. दिसलं न्हाई तर दिसलं न्हाई. पण अंदाज देऊ नका. तुमी दिलेलं मी खरं धरून चालतो."

पहिल्या तीन वेळा मी नीट वाचलं. तिन्ही वेळा दुसरी ओळ एम या अक्षरानं सुरू व्हायची. मी अक्षर अक्षर सांगायचे, तुम्ही तिकडे कागदावर उतरून घ्यायचा. पेनाची करकर ऐकू यायची. मध्येच मी घाबरून थांबले की तुम्ही म्हणायचात, "सावकाश. मी कुठं पळून चाललो?" तिसऱ्या वेळी सगळं लिहून झाल्यावर तुम्ही एकदम म्हणालात, "सापडलं! तिन्ही खेपेला एकच खण. त्यातली रॅमची पट्टी खराब हाय." दुसऱ्या दिवशी येऊन पट्टी काढली, नवी बसवली. जुनी पट्टी माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "हे बघा, तुमी पकडलेला चोर." मी ती घरी नेऊन सासूला दाखवली होती. सासू म्हणाली, "एवढुशी?"

त्यानंतर दोन महिने मशीन पडलं नाही. तुम्ही बरोबर होता, भाई. ही गोष्ट मी आता कुणालाही सांगेन. पहिलं दुखणं तुम्हीच ओळखलं होतं आणि ते बरंही झालं होतं.

मग दुसरा वजनकाटा आला. त्याची तार जोडायला तुम्ही पेटीत एक नवीन कार्ड बसवलंत. आठ दिवसांनी, भर दुपारी, पडदा जांभळा झाला. त्या दिवशी परगावचे व्यापारी माल बघायला आले होते. बाहेर ऊन तापलेलं, म्हणून विनोदनं त्यांना त्या थंड खोलीत आणून बसवलं होतं. पाच-सहा माणसं. मी पदर सावरत आत गेले आणि तुम्हाला फोन लावला.

विनोद म्हणाला, "बघा हां, आमच्या इंजिनीअर बाई आल्या. मावशी, वाचा, वाचा. पाव्हण्यांना बी ऐकू द्या तुमचं इंग्लिश." एकजण म्हणाला, "काहून, ह्या झाडूवाल्या ना?" सगळे हसले. वाईट हसले असं नाही. चहा पिताना माणसं हसतात तसे.

तुम्ही तिकडून म्हणालात, "हां ताई, बोला. दुसरी ओळ."

मी दुसऱ्या ओळीकडे पाहिलं. तिथं एम नव्हता. पहिलंच जे होतं ते अक्षरच नव्हतं. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या, पोरं फुली-गोळा खेळायला पाटीवर काढतात तशी जाळी. पोत्यांवर ती कधी आली नव्हती, म्हणून तिला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. सांगायचं तर मला म्हणावं लागलं असतं, "भाई, फुली-गोळ्याची जाळी हाय." एवढंच. तुम्हाला कळलं असतं. पण ती माणसं पाठीमागं बसली होती, आणि त्यांना ते कसं ऐकू जाईल ते मला आधीच ऐकू आलं.

मी म्हणाले, "तेच हाय, भाई."

"सगळं?"

"व्हय. पहिल्यासारखंच."

पेनाची करकर आली नाही. मग म्हणालात, "अजब हाय. बरं, दाबा." मी बटण दाबलं. दाबताना मी त्या जाळीकडेच बघत होते. ती गेली तेव्हा मला बरं वाटलं. हे कबूल करायला मला वर्ष लागलं, पण खरं आहे. बरं वाटलं.

तुम्ही येऊन दुसरी पट्टी बदललीत. नव्या कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. काहून पाहाल? दुखणं तेच म्हणून सांगितलं होतं मी. तुम्ही पेटी उघडून बसला होता आणि मी मागं फडकं घेऊन उभी होते. मनात वाक्य जुळवत होते. भाई, एक सांगायचं होतं. भाई, त्या दिवशी लोक होते ना. तुम्ही वळून म्हणालात, "पाणी आणसाल का?" मी आणायला गेले. आले तोवर विनोद येऊन बसला होता.

मशीन पुन्हा दोनदा पडलं. दोन्ही वेळा विनोदनं कुणाला न विचारता बटण दाबलं. शेठचा धीर सुटला. त्यांनी शहरातून एक कंपनी बोलावली. त्यांची दोन पोरं आली, स्वतःचा पडदा घेऊन आली, मशीन पडलं तेव्हा समोरच होती. अर्ध्या तासात त्यांनी सांगितलं की रॅम चांगली आहे, दोष नव्या कार्डाच्या प्रोग्रामचा आहे.

शेठनं तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मी चहा घेऊन आत होते. शेठ म्हणाले, "भाई, तुमी चांगल्या पट्ट्या बदलून राहिला होता. कार्ड तुमीच बसवलं, अन् तेवढंच बघितलं न्हाई! हे काय तपासणं झालं? हा तर अंदाज." तुम्ही म्हणालात, "शेठजी, मी अंदाजानं काम करत न्हाई." आणि माझ्याकडे वळलात. आवाजात संशय नव्हता. नुसतं एकदा पक्कं करून घेणं होतं.

"ताई, त्या दिवशी तेच होतं ना?"

मी मान हलवली. होकाराची.

तुम्ही शेठकडे पाहून म्हणालात, "मग वाचणाऱ्याची गलती न्हाई. माझीच हाय." आणि चहा न घेता गेलात.

पहिल्या वेळी लाज होती. दुसऱ्या वेळी लाज नव्हती, भाई. दुसऱ्या वेळी मला माझी जागा जायची भीती होती. दोन्ही वेळेला मी एकाच खोट्यानं निसटले, पण दोन्ही सारखं नाही. मला दुसरं जास्त खुपतं.

त्यानंतर तुम्ही मशीनींची कामं घेणं बंद केलं. फाट्यावरच्या दुकानात मोबाइलचे कव्हर, चार्जर, काचा. मी एकदा माहेरी जाताना मुद्दाम फाट्यावर उतरले. तुम्ही स्टूल पुसून दिलंत. पलीकडच्या हॉटेलातून चहा मागवलात. म्हणालात, "मेजबान कसा हाय?" मी म्हणाले, "बरा हाय." मग तुम्ही आपलं जुनं भांडण काढलंत, मला बाहेरून दहावीला बसवायचं.

"दहावीचा फॉर्म भरला का?"

"या वयात काय करायची दहावी?"

"जी बाई ती भाषा वाचती, तिला दहावी जड हाय का?"

"मला काई वाचता येत न्हाई, भाई."

"आता खोटं बोलून राहिल्या तुमी."

मी चहाच्या ग्लासात बघत बसले. त्यापेक्षा चांगली वेळ मला कधी मिळणार नव्हती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी खरंच म्हणायला तोंड उघडलं, आणि एक बाई आली, चार्जर मागायला. तुम्ही उठलात. माझी गाडी लागली. नंतरच्या सगळ्या महिन्यांत मी स्वतःला सांगत राहिले, की ती बाई आली म्हणून राहिलं. बाई नसती आली तरी राहिलं असतं.

तुम्ही दुकानातच छातीत दुखून गेलात असं कळलं. मी बाराव्या दिवशी तुमच्या घरी गेले. तोवर हिंमत नव्हती. भाभी आतल्या खोलीत बायकांत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं तशा त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "ह्याच त्या." मला आधी कळेना.

बायका गेल्यावर भाभींनी एक कागद आणला. घडीवर झिजलेला. तुमच्या अक्षरात तीन रकाने, एकेक अक्षर सुटं, मी सांगितलं तसं. आणि चौथ्या रकान्यात काही नाही. नुसत्या वर-खाली दोन-दोन छोट्या रेघा, वरच्यासारखंच म्हणून मारतात तशा. भाभी म्हणाल्या, "हा कागद घेऊन बसायचे. खाना थंडा व्हायचा. मी म्हणायची, सोडा की आता. तर म्हणायचे, उसने बराबर पढी, मैंच कहीं चुका. नवी पट्टी टाकल्यावर तेच दुखणं येतंय कसं? हे जमत न्हाई, म्हणायचे. माझं डोकं चालेना झालंय, म्हणायचे. त्याच्याच पायी काम सोडलं त्यांनी."

वर्षभर, भाई. वर्षभर तुम्ही माझ्या खोट्याला खरं धरून गणित मांडत होता. ते जमणारच नव्हतं.

मी भाभींना सांगितलं. जाळीचं, व्यापाऱ्यांचं, केबिनचं. सगळं. पहिल्यांदाच माझ्या तोंडून इतकं बोलणं एका दमात निघालं. शेवटी भाभी म्हणाल्या, "म्हंजे ते चुकले नव्हते?"

"न्हाई."

"तुमाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, घडी घातली. खूप सावकाश घातली. म्हणाल्या, "आता तुमी जा." मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा पाठीमागून म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर त्यांची मान खाली गेली, तिथं सांगा."

काल सांगितलं. सकाळी सगळे हजेरीला आले होते, शेठ दारात उभे होते. मी पुढं झाले. म्हणाले, "शेठ, भाईंची चूक नव्हती. दुसरंच दिसत होतं, तरी मी तेच हाय म्हणून सांगितलं होतं. केबिनमध्ये बी खोटी मान हलवली." तुमचं पूर्ण नाव घेतलं. विनोद म्हणाला, "आता त्याचं काय मावशी, माणूस गेला." मी म्हणाले, "नाव न्हाई गेलं." शेठ म्हणाले, "हे तवाच सांगायचं होतं. मी त्यांना काय काय बोललो." माझ्याकडची थंड खोलीची किल्ली विनोदकडे द्यायला सांगितली. मी दिली. बरोबरच आहे. ज्या बाईच्या वाचण्यावर भरवसा नाही तिनं ती कशाला ठेवायची?

संध्याकाळी भाभींना फोन केला. त्यांनी विचारलं, "सगळ्यांसमोर?" मी म्हणाले, "व्हय." "बरं," म्हणाल्या, आणि ठेवला. त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही. मागणारही नाही.

पण मी तुमचा विचार करते तेव्हा मला माफीचा प्रश्नच पडत नाही, आणि तेच सोसत नाही. मला वाटायचं, सांगितलं तर तुम्ही रागवाल. आता कागद पाहिल्यावर कळतं, तुम्ही काय केलं असतं. फाट्यावरच्या त्या दुकानात, ती चार्जरवाली बाई उभी असतानाच, मी म्हणाले असते, भाई, चौथ्या वेळी तेच नव्हतं, जाळी होती. आणि तुम्ही रागवायचं विसरून गेला असता. टाळी वाजवून म्हणाला असता, "तरीच! तरीच जमत नव्हतं!" गिऱ्हाईक तसंच सोडून कागद शोधायला धावला असता.

मी तुमच्यापासून माझी चूक लपवली असं समजत होते. मी तुमचं उत्तर लपवलं होतं.